सोयाबीन टाळणाऱ्याच्या नजरेने: सोलापुरातील बचत गटाच्या एका विक्री केंद्राचे परीक्षण

सोयाबीनची उसळ, सोया चंक्सचा पुलाव किंवा टोफूची भाजी ताटात आली तर ती कुणालाही ओळखता येते, आणि ज्याला सोयाबीन चालत नाही तो ती बाजूला सारतो. खरी अडचण पाव, बिस्किटे, मल्टिग्रेन आटा, चॉकलेट, सुपाची पाकिटे यांसारख्या पदार्थांची असते. तिथे सोयाबीन डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि ते असेल अशी शंकाही सहसा कुणाला येत नाही. माझ्या पुतणीला सोयाबीनची ॲलर्जी असल्याचे निदान झाल्यापासून आमच्या एकत्र कुटुंबातील किराण्याची खरेदी या एकाच प्रश्नाभोवती होत असते. त्यामुळे नवी पेठेच्या परिसरात महिला बचत गट चालवत असलेल्या एका छोट्या विक्री केंद्राचे हे परीक्षण मी चवीच्या किंवा मांडणीच्या अंगाने लिहीत नाही. सोयाबीन टाळणारे कुटुंब या केंद्रातून काय निर्धास्तपणे घेऊ शकते, काय विचारून घ्यावे आणि काय अजिबात घेऊ नये, एवढेच मला सांगायचे आहे.

या केंद्राकडे वळण्याचे कारण समजण्यासाठी मोठ्या सुपर बाजारातील फळ्यांवर काय असते ते आधी पाहावे लागेल. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या पेंडीपासून प्रथिनयुक्त पीठ, चंक्स, ग्रॅन्यूल्स आणि शुद्ध केलेले सोया प्रथिन तयार होते. कच्चे तेल स्वच्छ करताना जो चिकट भाग वेगळा निघतो, त्यापासून लेसिथिन मिळते. हे सगळे घटक स्वस्त आहेत, सहज मिळतात आणि कारखान्यातील अनेक अडचणी सोडवतात. पावाच्या पिठात थोडे सोया पीठ घातले की पाव पांढरा होतो आणि अधिक काळ मऊ राहतो. चॉकलेटमध्ये किंचित लेसिथिन घातले की ते नीट वाहते आणि महागडे कोको बटर कमी लागते. बिस्किटाच्या पिठात तेच लेसिथिन स्निग्धांश आणि पाणी यांना एकजीव ठेवते. त्यामुळे सोयाबीन या पदार्थांत लबाडीने शिरलेले नाही, सोयीमुळे शिरलेले आहे. मात्र ज्याचे शरीर त्याच्याशी भांडते, त्याला या दोन्हींतील फरकाचा काहीच उपयोग नसतो.

पाकिटावर ते वेगवेगळ्या नावांनी येते. ‘इमल्सिफायर ३२२’ म्हणजे लेसिथिन. ते सूर्यफुलाचेही असू शकते, परंतु बाजारात सोयाबीनचे लेसिथिन फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ‘टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ बहुतेक वेळा सोयाबीनचेच असते. नूडल्स आणि सुपाच्या मसाल्यातील ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ शेंगदाणा, मका, गहू किंवा सोयाबीन यांपैकी कशाचेही असू शकते. दुसरीकडे ४४२ आणि ४७६ हे चॉकलेटवर वारंवार दिसणारे क्रमांक पाहून घाबरण्याचे कारण सहसा नसते, कारण त्यांतील पहिला घटक प्रामुख्याने मोहरीवर्गातील तेलापासून आणि दुसरा एरंडेलापासून बनवतात. हे क्रमांक घरातील सर्वांना पाठ होईपर्यंत मी ते एका कार्डावर लिहून पिशवीत ठेवत असे, आणि तसे करण्याची शिफारस मी प्रत्येकाला करीन.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, कठीण कवचाचा सुकामेवा, ग्लूटेनयुक्त धान्ये, ठरावीक मर्यादेवरील सल्फाइट आणि सोयाबीन यांची ॲलर्जीकारक घटक म्हणून पाकिटावर नोंद करावी लागते. घटकांच्या यादीखाली ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होणारी जी ओळ असते ती हीच. त्याच यंत्रावर दुसरा पदार्थ बनत असल्याने सोयाबीनचा अंश येण्याची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’ असे लिहिले जाते. तरीही तीन जागी ही व्यवस्था अपुरी पडते. एक म्हणजे ज्या पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा अधिक नाही, त्याला घटकांची यादी छापण्यापासून सूट आहे. ती यादी मोठ्या खोक्यावर असते, जे दुकानदाराने केव्हाच रद्दीत टाकलेले असते, आणि लहान मुलांच्या हातात नेमकी तीच छोटी पाकिटे येतात. दुसरे, सोयाबीनच्या तेलासाठी वेगळी ॲलर्जीची नोंद आवश्यक नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सुटे पदार्थ. बेकरीच्या काचेमागील खारी, बरणीतील फरसाण, पिशवीत मोजून दिलेले बेसन यांना लेबलच नसते. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे पुरेसे मानले जाते आणि मराठी ऐच्छिक असते, त्यामुळे पुतणीच्या आजीला, जी तिला दुपारी खाऊ देते, पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून काहीच निष्पन्न होत नाही. ही तक्रार मी ठामपणे नोंदवते.

या पार्श्वभूमीवर बचत गटाचे केंद्र वेगळे ठरते, कारण तिथे पदार्थ बनवणारी व्यक्तीच काउंटरमागे उभी असते.

पहिला पदार्थ अर्थातच शेंगा चटणी. सोलापूरच्या चटणीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढेच असते. ती कांडताना शेंगदाण्याचे स्वतःचे तेल सुटते आणि त्यामुळे तिला वरून तेल घालण्याची गरज नसते. तरीही मी विचारले. “काकू, ह्यात वरून काही घातलंय का?” त्यावर मिळालेले उत्तर असे: “ताई, शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ. दुसरं काय बी नाही. पायजे तर आत या, कांडताना बघा.” मी आत जाऊन पाहिले. चटणी डंकावर कांडली जाते आणि त्या डंकावर शेंगा, जवस, कारळ आणि तीळ यांच्याशिवाय काहीही टाकले जात नाही. शहरातील काही दुकानांत पाकीटबंद चटणीला अधिक तेलकट आणि चमकदार दिसावे म्हणून वरून रिफाइंड तेल लावलेले मी पाहिले आहे, आणि त्या पाकिटावर तेलाचा प्रकार लिहिलेला असतोच असे नाही. इथली चटणी त्या मानाने कोरडी वाटेल, परंतु हाताने दाबली की तेल सोडते आणि लसणाचा वास जिवंत राहतो. माझ्या मते सोयाबीन टाळणाऱ्यासाठी या केंद्रातील हा सर्वांत विश्वासार्ह पदार्थ आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. शेंगदाणा आणि सोयाबीन ही दोन्ही शेंगावर्गीय पिके आहेत आणि सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या काही जणांच्या तपासणीत शेंगदाण्याचाही निकाल होकारार्थी येतो. तपासणी होकारार्थी आली म्हणजे प्रत्यक्ष खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही, आणि नकारार्थी आली म्हणून स्वतःच्या मनाने प्रयोग करणेही योग्य नाही. पुतणीला शेंगदाणा चालतो हे आम्हाला डॉक्टरांनी त्यांच्या देखरेखीखाली तपासून सांगितले, त्यानंतरच ही चटणी तिच्या ताटात आली. ज्यांच्या बाबतीत हे ठरलेले नाही, त्यांनी ती माझ्या शिफारशीवरून घेऊ नये.

कडक भाकरीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, पाणी, मीठ आणि वर तीळ. पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळेपर्यंत शेकलेली. तिला मऊ ठेवायचे नसल्याने तिच्यात सोया पीठ, इमल्सिफायर किंवा तेल घालण्याचे काहीच कारण उरत नाही, आणि पुतणीच्या शाळेच्या डब्यासाठी बिस्किटाला याहून सोपा पर्याय आम्हाला अद्याप सापडलेला नाही. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तिथे मुलांच्या डब्यात पाकिटातील क्रॅकर जावेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न सुरू होतो तो पिठाच्या टप्प्यावर, आणि त्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक पाकिटावरच थांबतात. बार्शीसारख्या तालुक्यांत खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते आणि ते घराघरांत पोहोचते. पोळी पौष्टिक व्हावी म्हणून दहा किलो गव्हामागे किलोभर सोयाबीन मिसळून दळून आणण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. आहाराचा सल्ला देणारेही ती सुचवतात आणि ज्यांना सोयाबीन चालते त्यांच्यासाठी ती उत्तमच आहे. परंतु त्याच गिरणीत पुढचा नंबर आपला असेल तर आधीच्या दळणाचे पीठ दगडांच्या फटीत, धान्य ओतायच्या पेटीत आणि पीठ पडण्याच्या कापडी नळीत शिल्लक असते आणि ते आपल्या डब्यात येते. तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी हे प्रमाण क्षुल्लक नसते. घरात सोयाबीनचा दाणाही नसताना पुतणीच्या ओठांना सूज येण्याचे प्रसंग घडले, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारलेला प्रश्न दळणाविषयीचा होता.

म्हणून केंद्रात भाजणी आणि मेतकूट पाहिल्यावर मी दोन गोष्टी विचारल्या: त्यांत कोणती धान्ये आहेत आणि ती कुठे दळली जातात. पारंपरिक थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे असे घटक असतात आणि सोयाबीनला तिथे जागा नाही. अलीकडे ‘पौष्टिक भाजणी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत मात्र ते सर्रास आढळते. केंद्रात दोन्ही प्रकार मिळतात आणि दोन्हींवर मराठीत, ठळक अक्षरांत, घटक लिहिलेले आहेत, ही अत्यंत स्तुत्य बाब आहे. साधी भाजणी केंद्राच्या स्वतःच्या घरघंटीवर दळली जाते, सोयाबीन असलेली बाहेरच्या गिरणीतून येते. ही विभागणी ॲलर्जीचा विचार करून झालेली नाही. सोयाबीनच्या तेलकटपणामुळे घरघंटीची जाळी बुजते म्हणून त्यांनी ती केली आहे. कारण काहीही असो, आमच्यासाठी परिणाम हवा तसाच आहे. मेतकुटाबाबत मात्र तेवढे समाधान झाले नाही. त्याचे घटक निर्धोक आहेत, परंतु पाकिटे भरण्याचा वजनकाटा आणि ओगराळे सोयाबीन असलेल्या भाजणीसाठी आणि मेतकुटासाठी एकच वापरले जाते. शेजारीच सोया पीठ घातलेले ‘प्रोटीन लाडू’ वळले जातात. मी हे दाखवून दिल्यावर केंद्रप्रमुख ताईंनी मन लावून ऐकून घेतले आणि वेगळे ओगराळे ठेवण्याची तयारी दाखवली. पुढच्या वेळी ते प्रत्यक्ष टांगलेले दिसले, त्यावर लाल दोरा बांधलेला होता. वजनकाटा अजून एकच आहे.

शेंगा पोळी लाटताना आणि भाजताना तेल लागते. इथे सोयाबीनचे रिफाइंड तेल वापरतात, असे त्यांनी न विचारताच सांगितले आणि तेलाचा डबाही दाखवला. या तेलाबद्दल लोकांत दोन टोकाची मते आहेत, म्हणून नेमके सांगते. पूर्णपणे शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात प्रथिनांचा अंश अत्यल्प राहतो आणि ॲलर्जी ही प्रथिनांची असते. त्यामुळे बहुतेक रुग्णांना असे तेल चालते आणि अमेरिकेच्या ॲलर्जीविषयक लेबल कायद्यातही अतिशुद्ध तेलाला सूट आहे. घाण्याच्या, केवळ गाळलेल्या तेलाला हे लागू होत नाही, कारण त्यात प्रथिने शिल्लक राहतात. गंमत अशी की घाण्याचे तेल आरोग्यदायी म्हणून अधिक भावाने घेतले जाते आणि सोयाबीनच्या ॲलर्जीसाठी सोयाबीनचे तेच तेल अधिक धोक्याचे असते. लेसिथिनबाबतही डॉक्टरांचे मत रुग्णागणिक वेगळे असते: त्यात प्रथिनांचा अंश थोडाच असल्याने अनेकांना ते सोसते, काहींना सोसत नाही. आमच्याकडे रिफाइंड तेल चालते आणि लेसिथिन टाळायचे असे ठरलेले आहे, त्यामुळे शेंगा पोळी आम्ही घेतो. ज्यांना तेलही वर्ज्य सांगितले आहे त्यांच्यासाठी मागणी नोंदवल्यास तुपावर भाजून देतात.

ज्यांना ॲलर्जी नसून केवळ सोयाबीन पचत नाही, पोट फुगते किंवा दुखते, त्यांचा प्रश्न निराळा आहे. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकियोज या शर्करा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांपासून वायू तयार करतात. अशा व्यक्तींना ओगराळ्याला लागलेल्या पिठाने किंवा लेसिथिनने सहसा काही होत नाही; त्यांनी सोया पीठ घातलेली भाजणी आणि लाडू टाळले तरी पुरे. त्यांना हे केंद्र जवळपास पूर्णपणे मोकळे आहे.

आता ज्या पदार्थांना मी नापास करते ते. नाचणीची बिस्किटे या केंद्रात सर्वाधिक खपतात असे दिसते आणि त्यांचे वेष्टनही सुरेख आहे. लेबलवर नाचणी, मैदा, साखर, वनस्पती तूप आणि बेकिंग पावडर एवढे घटक आहेत. परंतु ही बिस्किटे केंद्रात बनत नाहीत. पीठ आणि साखर बेकरीत नेऊन भाजून आणली जातात, जशी आपण दिवाळीत नानकटाई भाजून आणतो. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या मार्गारिनमध्ये लेसिथिन असते का, त्याच पत्र्यांवर आणखी काय भाजले जाते, पीठ मळण्याच्या यंत्रात आधी सोया पीठ घातलेल्या पावाचे पीठ होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर केंद्रातील महिलांकडे नव्हते, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले. ‘वनस्पती तूप’ या दोन शब्दांत मार्गारिनमधील पुढचे सगळे घटक झाकले जातात. स्निग्धांश स्वतः विकत आणून बेकरीला देणे आणि सकाळी पहिल्या घाण्यात बिस्किटे भाजून घेणे एवढे दोन बदल केले तरी या लेबलाला अर्थ येईल.

बरणीतील सुटा चिवडा आणि शेवसुद्धा आम्ही घेत नाही. तो बाहेरून येतो, कढई कुणाची आणि तीत आधी काय तळले हे कुणालाच ठाऊक नसते, आणि सोया स्टिक्स हा फरसाणातील अगदी नेहमीचा प्रकार आहे. हा दोष या केंद्राचा नाही, सुट्या विक्रीचा आहे. तरी लेबल लावण्याची इतकी चांगली सवय असलेल्या केंद्राने बाहेरून आणलेल्या मालाच्या बरणीवर निदान ‘बाहेरून आणलेले’ अशी चिठ्ठी लावावी. सध्या सगळा माल एकाच फळीवर असल्याने ग्राहक सगळेच घरचे समजतो.

किमती सुपर बाजारापेक्षा थोड्या अधिक आहेत आणि त्या मला रास्त वाटतात. गर्दीच्या वेळी, विशेषतः गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, काउंटरवर नव्या मुली मदतीला असतात आणि त्यांना घटकांची माहिती नसते. त्या वेळी “सोयाबीन नाही ना?” असे विचारले तर “नाही, नाही” असे घाईचे उत्तर मिळते. होकार किंवा नकार मागणारा प्रश्न अशा वेळी उपयोगाचा नसतो. “ह्यात काय काय आहे, एकेक सांगा” असे विचारावे, आणि उत्तर अडखळले तर जुन्या ताईंना बोलवायला सांगावे. त्या येतात, आणि विचारल्याबद्दल कधीही चेहरा वाकडा करत नाहीत. दुसऱ्या एका मोठ्या दुकानात याच प्रश्नावर “एवढं असेल तर घरीच करून खा” असे ऐकून घेतल्यावर या वागणुकीची किंमत मला कळते.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास चटणी आणि कडक भाकरीला पाच, साध्या भाजणीला साडेचार, शेंगा पोळीला चार, मेतकुटाला वजनकाटा वेगळा होईपर्यंत तीन, आणि बिस्किटांना एक. मेतकूट हवेच असेल तर केंद्र मंगळवारी सकाळी नवीन माल भरते. त्या दिवशी काटा पुसून सर्वांत आधी मेतकुटाची पाकिटे भरण्याची विनंती आदल्या दिवशी केल्यास ती मान्य होते, आणि अशा पाकिटावर त्या स्वतःहून पेनाने भरल्याची तारीख लिहून देतात.